काकांची तोंडी परीक्षा

तोंडी परीक्षेत कोणत्या प्रकारचे प्रश्न घालायचे, हे ठरवायला परीक्षक बाईंना शुक्रवारी दुपारी बारापर्यंत मुदत होती आणि शुक्रवारचे साडेअकरा वाजून गेले होते. भाषा शिकवणाऱ्या त्या संस्थेत नियम असा, की प्रत्येक प्रश्नप्रकार आधी चांगलं बोलता येणाऱ्या दोन माणसांवर वापरून बघायचा. बाईंनी पहिल्यांदा चौकशीच्या खिडकीवरच्या काकांना बोलावलं. काका त्या खिडकीत सत्तावीस वर्षं बोलत होते. तावातावानं आलेला माणूस त्यांच्याशी दोन मिनिटं बोलला की मुकाट्यानं अर्ज भरायला बसायचा.

बाईंनी रेकॉर्डर लावला आणि काकांपुढे एक चित्र ठेवलं. चित्रात एक जोडपं स्वयंपाकघरात भांडत होतं.

"काय दिसतंय ते एक मिनिट सांगा."

काकांनी चित्र पालथं घातलं. "दुसऱ्याच्या घरात आपण कशाला डोकवायचं?"

बाईंनी शून्य टाकलं. पुढचा प्रकार संवादाचा होता.

"तुम्ही हॉटेलात उतरलाय. नळाला गरम पाणी नाही. मी मॅनेजर. करा तक्रार."

"राहू द्या हो. गार पाण्यानं करतो आंघोळ."

"अहो काका, तक्रार करायचीय."

"तुम्ही आधीच दमलेल्या दिसताय. त्यात माझी भर कशाला?"

आणखी एक शून्य. शेवटचा प्रश्न मत मांडण्याचा होता : शहर बरं की गाव?

"ज्याचं त्याला," काका म्हणाले आणि उरलेली अठ्ठावन्न सेकंदं अदबीनं गप्प बसले.

इथवर काही बिघडलं नव्हतं. पण ही सराव परीक्षा की खरी, असं कॉम्प्युटरनं विचारलं, तेव्हा बाईंनी घाईघाईत 'खरी'वर बोट ठेवलं. निकाल थेट संचालकांकडे गेला आणि पाठोपाठ संचालक खोलीत आले. नियम म्हणजे नियम, असा हा माणूस. स्वतःच्या बायकोशी बोलायलासुद्धा तो वेळ ठरवून घेत असावा.

"काका, तुमची पातळी शून्य आलीय. लोकांशी बोलणाऱ्याला चौथी लागते. सोमवारपासून तुम्ही जुन्या कागदांच्या खोलीत. आणि संध्याकाळी प्राथमिक वर्गाला बसा."

काकांचा चेहरा उतरला. त्या खोलीत बोलायला फक्त कपाटं होती.

"साहेब, चूक माझी आहे," बाई कळवळून म्हणाल्या. "प्रश्नच भलते निवडले मी."

"निकाल लागलाय, बाई."

तेव्हा काका उठले. "साहेब, रोज दार उघडायच्या आधी एक आजोबा पायरीवर बसलेले असतात. चष्मा घरी विसरून येतात. त्यांचा अर्ज कपाट वाचणार का?" मग ते थांबेचनात. खिडकीपुढची रांग त्यांनी माणसागणिक उभी केली. चिडलेली गिऱ्हाइकं स्वतः झाले, त्यांची समजूतही स्वतःच काढली. खुर्चीचा तुटका पाय, गळणारं छप्पर, कुणाची गय केली नाही. शेवटी नियमांविषयी आणि ते करणाऱ्यांविषयी त्यांनी असं काही मत मांडलं, की संचालकांनी बसायला खुर्ची ओढली. अकरा मिनिटं झाली. रेकॉर्डर चालूच होता.

वर्णन, संवाद, तक्रार, मत. बाईंनी भरल्या डोळ्यांनी पैकीच्या पैकी गुण दिले.

"उत्तम," संचालक म्हणाले. "काका, जा खिडकीवर. बाई, बाकीचे प्रकार रद्द. यापुढे परीक्षेला आलेल्याला आधी सांगायचं, तुमची नोकरी गेली. मग रेकॉर्डर लावायचा."

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. पण एका माणसावर भागत नाही, नियमानं दोन लागतात." त्यांनी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "बाई, सोमवारपासून येऊ नका."

ही परीक्षा आहे, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. प्रश्नप्रकार त्यांच्यासमोरच ठरला होता. तरी त्यांनी तोंड उघडलं आणि त्यातून एक अक्षर फुटेना. साठ सेकंदं संपली. संचालकांनी नियमाप्रमाणे शून्य नोंदवलं.

दुपारी बाई चौकशीच्या रांगेत उभ्या होत्या. त्यांचा नंबर आला तेव्हा काकांनी एक अर्ज त्यांच्यापुढे सरकवला आणि सही कुठे करायची तिथे बोट ठेवलं.

"प्राथमिक वर्ग सहाला भरतो," काका मायेनं म्हणाले. "पहिल्या दिवशी नुसतं नाव सांगायचं असतं. तेवढं जमेल तुम्हाला."