कमरेएवढी तार

इंदिराबाईंनी हिरवं लुगडं पुन्हा पिळून तारेवर टाकलं आणि बादली ओट्यावर आदळली.

"ओ तेजसना बाप! बाहेर या. दखा तुम्हनी तार! बठ्ठा कपडा मातीमा!"

बन्सीलालभाऊ पोटावरचा करदोडा खाजवत बाहेर आले. लुगड्याचा काठ धुळीत लोळत होता. त्यात नवल काही नव्हतं. जळगावच्या या घरात सगळ्यांचे कपडे धुतल्यावर एकदा मातीला लागायचे आणि मग पुन्हा धुतले जायचे.

याला कारण भाऊंचं डोकं. चोपड्याकडची केळीची शेती पुतण्यावर सोपवून दोघं मुलाकडे, तेजसकडे राहायला आले, तेव्हा इंदिराबाईंनी शेताच्या बांधावरून कडुनिंबाचं एक रोप तेलाच्या डब्यात घालून आणलं होतं. सगळा संसार तिथे ठेवून बाईंनी स्वतःसाठी मागून घेतलं ते एवढंच. अंगणात लावलेल्या रोपाचं हाताला लागेल असं झाड झालं आणि भाऊंनी त्याला कपडे वाळत घालायची तार बांधली, दोन वेढे घेऊन, आवळून. घराकडचं टोक डोक्याच्या वर आणि झाडाकडचं कमरेएवढं.

"इतली खाले?" बाईंनी तेव्हाच विचारलं होतं.

"झाड वाढी तशी तार बी वर जाई. आज वर बांधी तर उद्या शिडी लाईसन कपडा वाळाडशी का?"

भाऊंचा हिशेब केळीचा होता. केळीचं सगळं खालून वर येतं. खोड आडवं कापलं तरी सकाळपर्यंत मधला कोंब वीतभर वर सरकलेला असतो. मग कडुनिंबाला काय धाड भरली?

कडुनिंब वाढला. गच्चीच्या वर गेला. तार मात्र कमरेलाच राहिली. वरच्या टोकाला घातलेले सदरे उतारावरून घरंगळत बुंध्याशी येऊन गोळा व्हायचे. इंदिराबाईंना त्या झाडाखाली बसून डाळ निवडायला आवडे, पण आता सावलीत आधी ओले पायजमे बसलेले असायचे. माणसानं संतापायचं नाही तर काय करायचं?

भाऊ स्वतः संतापले, पण झाडावर. "बेईमान झाड! खातं नही म्हनीसन वाढतं नही!" असं म्हणून त्यांनी केळीला देतात तसा खताचा डोस ठिबकमधून कडुनिंबाला सुरू केला. झाडानं तो इमानदारीनं खाल्ला. बुंधा चांगला जाडजूड झाला आणि तार सालीत गडप झाली. तारेच्या वर फुगवटा आला. भाऊ खूश झाले. "दखा! आते उचलाले लागनं!"

पण पोळ्याच्या सुमारास शेंडा पिवळा पडला. कडुनिंबाची पानं गळायची ती होळीच्या आधी. पोळ्याला अंगणात पानांचा सडा पडलेला पाहून इंदिराबाई जेवल्या नाहीत.

सून मोहिनी शाळेत विज्ञान शिकवायची. आज आरडाओरडा ऐकून तीही बाहेर आली आणि बुंध्यावरून हात फिरवत सासऱ्यांना म्हणाली, "नाना, हे झाड उंच होतं ते फक्त शेंड्याला. खालचं खोड वर सरकत नाही, ते जागच्या जागी जाड होतं. पानांत तयार झालेलं अन्न सालीतून मुळांकडे जातं. ती वाट तारेनं आवळली. मुळं उपाशी आहेत. तार काढा."

"मी आयुष्यभर केळी पिकाडी. तू मले झाड शिकाडी राह्यनी का?"

"वादळात केळीची बाग आडवी का पडते, नाना? तिचं खोड म्हणजे पानांच्या गुंडाळ्या, आत लाकूडच नाही. याचा बुंधा लाकडाचा आहे. तो जाड होतो म्हणून तर गच्चीएवढं झाड उभं राहतं."

आडव्या पडलेल्या बागा भाऊंनी डोळ्यांनी पाहिल्या होत्या. म्हणूनच ते जास्त जोरात म्हणाले, "तार निघनार नही!"

तार काढणं म्हणजे इतकी वर्षं मातीत लोळलेल्या प्रत्येक लुगड्याची चूक कबूल करणं. ते कोण करणार?

इंदिराबाई पुढे आल्या. त्यांनी भाऊंचा सदरा वर केला. सुनेनं घाईनं आकाशाकडे पाहिलं.

"हाऊ करदोडा कव्हय बांधा?"

"आठे उनूत तव्हय. पन..."

"मंग कितला वर गया? गळामा उना का?"

भाऊंनी खाली पाहिलं. करदोडा दिसतच नव्हता. पोटाच्या दोन वळ्यांमध्ये तो कुठेतरी गडप झाला होता आणि वरच्या बाजूला चांगला फुगवटा होता.

"तठेच शे. तुम्ही जाड व्हयनात, तो रुतना. तुम्ही तरी दिनभर खाजवतस, ओरडतस." इंदिराबाईंनी बुंध्यावर हात ठेवला. "मनं झाड कोनले सांगी?"

भाऊ आत गेले आणि पक्कड घेऊन आले. तार सहजी निघेना. साल सांभाळत, एकेक तुकडा तोडत, ओढत ते घामाघूम झाले. शेवटचा तुकडा निघाला तेव्हा बुंध्याभोवती खोल खाच उरली होती. भाऊंनी तिच्यावरून बोट फिरवलं. मग पाठ वळवून त्याच पकडीनं त्यांनी करदोडाही तोडला आणि मोठा श्वास घेतला.

"झाडले बी असंच वाटी ना आते?" त्यांनी हळूच विचारलं.

"दखूत," बाई म्हणाल्या. "पन ओला कपडा कठे घालू?"

त्यांनी आतून नवी दोरी आणली, एक टोक भिंतीच्या खिळ्याला बांधलं आणि दुसरं भाऊंच्या हातात दिलं. शेजारचे झुलालआबा फाटकाशी थबकले. "काय भाऊ, शिक्षा का?"

"शिक्षा काय? नवा खांब येवापर्यंत धरी राह्यनू!" भाऊ खेकसले.

हिरवं लुगडं पसरलं गेलं. ओझ्यानं दोरीला झोळ पडला, काठ मातीला टेकायला आला. इंदिराबाई नुसत्या पाहत राहिल्या. भाऊंनी आपण होऊन हात डोक्याच्या वर नेला.