कायम माणसाची सुई

वाघोशीच्या सरकारी रुग्णालयात लसीची सुई फक्त कायम नोकरीतल्या माणसाच्या दंडात शिरत असे. कंत्राटी माणसाला टोचली की ती ओल्या शेवईसारखी वाकायची.

वॉर्डमामा यमाजी दुधाळ कंत्राटी होता. या वॉर्डात त्याचे केस पिकले, तरी कंत्राटीच. त्याच्या दंडावर तिसरी सुई वाकली तेव्हा सुशीला सिस्टर म्हणाल्या, "मामा, दंड जरा सैल सोडा ना."

"सैलच आहे. सुईला सांगा."

तालुक्यात घटसर्पाची साथ होती. लस नसलेल्याने वॉर्डात जायचे नाही, आणि जो वॉर्डात जात नाही त्याला काम नाही, असा हुकूम निघाला होता. घसा सुजलेली पोरं उचलून आत नेणारा यमाजी. हुकूम काढणारे टोचून घेऊन दाराबाहेर बसलेले. यमाजीचं डोकं तापलं.

"सुई नियमाने वागते, यमाजी," डॉक्टर इनामके म्हणाले. "तिचा दोष नाही."

"मग रोगालाही नियम लावा. कंत्राटी माणसाला शिवू नको म्हणावं."

डॉक्टरांनी गंभीरपणे मान हलवली. साथीला तसं कळवता येईल का, ते वर विचारतो म्हणाले.

तोड सिस्टरनी काढली. याच वॉर्डातला म्हादबा मामा कायम होता. तो वारला होता, पण त्याची जागा भरली नव्हती, म्हणून अजून कायमच होता. त्याच्या बायकोने, गंगूबाईने, ट्रंकेतून त्याचा खाकी सदरा काढून दिला. यमाजीने तो चढवला. सुई लोण्यात गेल्यासारखी आत गेली. यमाजीला मात्र काहीच लागलं नाही.

संध्याकाळी गंगूबाई म्हादबाचा भिंतीवरचा फोटो घेऊन धावत आली.

"भावजी, ह्यांचा दंड सुजलाय बघा! काचेवरून हळद लावली, उतरत नाही."

डॉक्टरांनी फोटो उजेडात धरला. लस लागू पडली होती. तेव्हा म्हादबाची घटसर्पाच्या खोलीत नेमणूक झाली, फोटो आत खिळ्याला टांगला, आणि यमाजीला घरी जायला सांगितलं.

यमाजी दाराशीच उभा राहिला. आतून एक पोरगी घोगऱ्या आवाजात पाणी मागत होती.

"म्हादबा, ऊठ की रे!" यमाजी ओरडला. म्हादबा जिवंतपणीही पहिल्या हाकेला उठत नसे.

पोरीने पुन्हा मागितलं. यमाजीने लाथ घालून दार उघडलं.

"यमाजी, हे नियमाबाहेर आहे!" डॉक्टर बाहेरून म्हणाले.

"मग या, तुम्ही पाजा. तुम्हाला तर टोचलंय."

डॉक्टर आले नाहीत. यमाजीने पोरीला मांडीवर घेऊन चमच्याने पाणी पाजलं. त्या दिवसापासून तो आतच राबला. हजेरी म्हादबाची लागत होती.

पुढच्या आठवड्यात यमाजीचा घसा धरला. त्याच खोलीत, फोटोखाली, त्याला खाट मिळाली. खाटेला कायम माणूस लागत नसे.

डॉक्टर औषधाची सुई घेऊन आले. ती पहिल्याच झटक्यात सरळ आत गेली.

"बघा, शिरली की नाही!" डॉक्टर खूश झाले.

यमाजीला बोलता येत नव्हतं. त्याने दंड ओढून घेतला आणि भिंतीकडे तोंड फिरवलं. वर फोटोत म्हादबा आपला दंड चोळत होता.