बिनसाखरेचं बोरनहाण

रुद्रचं बोरनहाण करायचं वैष्णवीनं ठरवलं, त्यात हौसेपेक्षा स्वार्थच जास्त होता. घोटी सोडून पाथर्डी फाट्याजवळच्या सोसायटीत राहायला येऊन तीन महिने झाले, तरी तिच्या सव्वादोन वर्षांच्या लेकाला एक सवंगडी म्हणून मिळाला नव्हता. घोटीला हे पोरगं अख्ख्या गल्लीच्या कडेवर फिरायचं. इथे बागेत नेलं की आईच्या ओढणीत तोंड खुपसून उभं. कुणी जवळ आलं की असं भोकाड पसरायचं, की बाकीच्या आया आपापली मुलं उचलून लांबच्या घसरगुंडीकडे जायच्या.

म्हणून संक्रांत झाल्यावर तिनं आयांच्या ग्रुपवर टाकलं, ‘रविवारी चार वाजता रुद्रचं बोरनहाण. छोट्यांचा प्लेडेट!’ पहिलं उत्तर दुसऱ्या मजल्यावरच्या सरिताचं आलं. बागेतला पाच वाजताचा दरबार सरिताच भरवायची, त्यामुळे ती आली म्हणजे सगळ्या आल्या. ‘येऊ,’ तिनं लिहिलं होतं, ‘फक्त मिहिकाला आम्ही साखर देत नाही. जन्मल्यापासून एक कणही दिलेला नाही.’

‘काळजीच करू नका ताई. एकदम शुगर-फ्री!’ वैष्णवीनं ठोकून दिलं.

बोरनहाणासाठी घोटीहून आलेल्या सासूबाईंना, सिंधुबाईंना, हे काही पचेना.

“गोळ्या नाय, रेवड्या नाय. मंग टाकायचं काय डोक्यावर?”

“चुरमुरे, मखाणे, बोरं.”

“ऊस?”

“ऊस नको. गोड असतो.”

“आन् बोरं काय कडू असत्यात व्हय?”

“आई, बोरं चालतात. फक्त बिया काढा, घशात अडकायला नकोत.”

सिंधुबाई कपाळावर हात मारून बिया काढायला बसल्या. पण एका बाबतीत त्या हटल्या नाहीत. नातवासाठी त्यांनी शेगडीपुढे बसून, बोटं भाजून घेत, टपोरा काटेरी हलवा केला होता. त्याचा मुकुट, हार, बाजूबंद, कंबरपट्टा, सगळं दोऱ्यात ओवून तयार होतं.

“दागिने काय खायला असत्यात का? घालायचे असत्यात,” त्या म्हणाल्या.

वैष्णवीला हे पटलं. इथेच माती खाल्ली. घरातली साखर तिनं वेचून वेचून माळ्यावर ठेवली आणि पोरगं मात्र डोक्यापासून कमरेपर्यंत साखरेनं मढवलं.

रविवारी चारला सरिता मिहिकाला घेऊन आली. पाठोपाठ शेजारची अंजली आपले जुळे घेऊन आली. काळ्या झबल्यातला रुद्र पाटावर बसला होता, ओठ थरथरत होते. वैष्णवीनं ओवाळलं, सिंधुबाईंनी डोक्यावर पहिली ओंजळ सोडली. बिया काढलेली बोरं केसांना चिकटली. रुद्रनं छाती भरून श्वास घेतला. आता सुटणार भोंगा, असं वैष्णवीनं ओळखलं आणि देवाचं नाव घेतलं.

तेवढ्यात मिहिका उठली. खाली सांडलेल्या चुरमुऱ्यांकडे ढुंकूनही न बघता ती थेट रुद्रकडे गेली आणि तिनं त्याच्या गळ्याला मिठी मारली. रुद्र रडायचाच विसरला.

“अय्या, मिठी मारली बघ!” अंजलीनं मोबाइल काढला.

“आमची मिहिका कुणाच्या जवळ जात नाही हं,” सरिता कौतुकानं म्हणाली. “तुमच्या रुद्रमध्ये काहीतरी खास आहे.”

वैष्णवीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते पुसून तिनं नीट पाहिलं, तर मिहिकाचा जबडा हलत होता. मिठीतून कुडुम कुडुम आवाज येत होता आणि रुद्रचा हार डावीकडून संपत आला होता.

सांगावं, तर सरिता लेकीला उचलून चालती होणार आणि बाग कायमची बंद. न सांगावं, तर जन्मापासूनचं व्रत आपल्या पाटावर मोडतंय. आणि रुद्र तर चक्क हसत होता! वैष्णवीनं ताट उचललं आणि दोघांच्या पुढे उभी राहून पुन्हा ओवाळायला लागली.

“दोनदा ओवाळतात?” सरितानं विचारलं.

“आमच्याकडे तीनदा.”

“आमच्यात कुठं…” सिंधुबाईंनी तोंड उघडलं. वैष्णवीनं त्यांच्या पायावर पाय दिला.

चौथ्या खेपेला जुळेही वास काढत पोचले. एकानं मुकुट धरला, दुसऱ्यानं कंबरपट्टा. रुद्र एखाद्या यजमानासारखा ऐसपैस बसून राहिला. त्याला पहिल्यांदाच माणसं मिळाली होती.

“वैष्णवी, जरा बाजूला हो ना, फोटो काढायचाय,” अंजली म्हणाली.

आता किती ओवाळणार? ती बाजूला झाली. पाटावर रुद्र होता, त्याच्या अंगावर नुसते दोरे होते आणि मिहिकाच्या हनुवटीवरून पांढरी लाळ ओघळत होती. मुठीत अर्धा बाजूबंद.

“साखर आहे ही? मला वाटलं, दागिने खोटे आहेत,” सरिता म्हणाली.

“हो,” वैष्णवी म्हणाली. मग तिला राहवलं नाही. “मला दिसलं होतं, ताई. मी मुद्दाम आड उभी राहिले. चुकलंच माझं. पण तीन महिन्यांत त्याच्या जवळ पहिल्यांदा कुणी आलं हो. मला नाही लांब करवलं.”

पर्समधून ओले वाइप्स काढून सरिता म्हणाली, “चल मिहिका. निघू.”

मिहिकानं शेवटचा दोरा चाटून पाहिला. त्यात काही राम उरला नव्हता. तिनं रुद्रला सोडलं आणि आईकडे चालायला लागली. म्हणजे सगळं प्रेम हलव्यावरच होतं तर! वैष्णवीचा चेहरा पडला.

“मिकाऽ!” रुद्रनं हाक मारली.

बापालासुद्धा बिस्किटाचा तुकडा न देणारा तो पोरगा पाटावरून उतरला. तोंडात चघळत असलेलं बोर त्यानं काढलं आणि तिच्यापुढे धरलं. लिबलिबीत, अर्धं खाल्लेलं, लाळेनं माखलेलं. सरिताचा वाइप्सवाला हात पुढे झाला. पण मिहिकानं ते बोर आधीच तोंडात टाकलं होतं. मग तिनं खाली बसून एक बोर उचललं, चावलं आणि उरलेलं रुद्रच्या तोंडात कोंबलं. दोघं खिदळत चुरमुऱ्यांत लोळायला लागली.

सरिताचा हात तसाच हवेत राहिला. तिनं वाइप्स पर्समध्ये ठेवले, मिहिकाच्या मुठीतून गळून पडलेला हलव्याचा एक दाणा उचलला आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून तोंडात टाकला. वैष्णवीचं लक्ष होतं.

“उद्या पाचला खाली घेऊन ये त्याला,” सरिता म्हणाली. मग जवळ सरकून अगदी हळू आवाजात, “आणि हलवा असला तर आण थोडा. तिला नाही गं, मला. हिच्यापायी घरात साखरच आणत नाही मी.”