माणूस येईपर्यंत दाबत राहा

कायम व्हायला एकच फोन उरला होता, आणि त्या एका फोनच्या धास्तीने तो सकाळपासून तीनदा बाथरूमला जाऊन आला होता. वॉशिंग मशीनच्या तक्रारी फोनवर घ्यायच्या, ही त्याची नोकरी. सहा महिने तात्पुरती झाली. आज केबिनमध्ये बसून साहेब आणि उच्चारबाई त्याचा एक फोन ऐकणार होते. बाईंचं काम एवढंच, की कुणाच्या बोलण्यात गावाकडचा हेल आला, की कागदावर लाल फुली मारायची. तीन फुल्या झाल्या, की रस्ता सुधारायचा.

आणि याचा हेल अगदी अस्सल. त्याच्या गावाकडे वाक्याचा शेवट असा लांबवतात, की नदीपलीकडच्यालाही निरोप पोचावा. तो त्याने सहा महिने घासून घासून घालवला होता. ऑफिसात त्याला 'रेडिओ' म्हणत. बिचाऱ्याला ते कौतुक वाटे.

फोन वाजला.

"नमस्कार. आपलं स्वागत आहे. मी आपली काय सेवा करू शकतो?"

"लागला गं बाई एकदाचा! मशीनमधून पाणी येतंय होऽऽ!"

रेडिओने आवाज ओळखला. ती त्याची सख्खी आत्या होती. ओळख दाखवली तर ती गप्पा मारणार, आणि आत्याशी बोलताना हेल तोंडातून निसटणार म्हणजे निसटणारच. त्याने ओळख गिळली.

"झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. कृपया नळ बंद करावा."

उत्तराऐवजी 'टूं' असा आवाज आला. मग पुन्हा 'टूं'.

"मॅडम, आपण काय करत आहात?"

"एक दाबला, दोन दाबला," आत्या सुनेला सांगत होती. "रेकॉर्ड लागलीय गंऽऽ. माणूस येईपर्यंत दाबत राहायचं."

"मॅडम, मी माणूसच आहे."

"आता हे तसंही म्हणायला लागलं बघ! हल्ली काय काय भरून ठेवतात." टूं.

केबिनच्या काचेआड बाईंची पेन्सिल तयार होती.

"कृपया बटणं दाबू नका. नळ बंद करा."

"तीन दाबून बघते. अगं सूनबाई, पाणी इस्त्रीच्या वायरीपाशी गेलं की! थांब, मी उचलते."

"आत्याऽऽ!" रेडिओ खुर्चीवरून उठलाच. "हात लावू नकोऽऽ! मागं हो, मागं हो गंऽऽ! आधी मेन स्विच बंद करऽऽ, मग नळऽऽ!"

सगळ्या हॉलने माना वळवल्या.

"अरे, तू होय रेऽऽ!" आत्या म्हणाली. "बरा सापडलास. त्या रेकॉर्डला हाकल आधी, मघापासून डोकं खातंय माझं."

दोन मिनिटांत पाणी थांबलं. आत्या वाचली, नोकरी गेली, असा हिशेब करत तो केबिनमध्ये शिरला.

"चौदा फुल्या," उच्चारबाई म्हणाल्या. "पंधरावीला पेन्सिलीचं टोक मोडलं."

साहेबांचं कागदाकडे लक्षच नव्हतं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता. "यंदा तक्रारी निम्म्यावर आल्या. मशीन सुधारली, असं मी वर कळवलं. बढतीसुद्धा घेतली हो! म्हणजे लोक रेकॉर्ड समजून फोन ठेवत होते?"

उच्चारबाई मोडलेलं टोक चाचपू लागल्या.

"तुम्ही कायम," साहेब रेडिओला म्हणाले. "उद्यापासून सगळ्यांना असंच बोलायला शिकवा. बाईंनाही."

दुसऱ्या दिवशी चाळीस जण एका सुरात "नळ बंद कर गंऽऽ" म्हणत होते आणि एकालाही धड जमत नव्हतं. कुणी फार लवकर लांबवी, कुणी रडल्यासारखं करी. रेडिओ हात मागे बांधून रांगांमधून फिरत होता. आज सकाळपासून तो एकदाही बाथरूमला गेला नव्हता.

उच्चारबाई मात्र घामाघूम झाल्या होत्या. तास संपल्यावर त्या दाराशी थांबल्या.

"मला जमेल ना हो?" त्यांनी हळूच विचारलं. "आमच्या आजोळी वेगळा हेल आहे. वाक्याच्या मधेच झोका देतात. लहानपणी मी तसंच बोलायचे. तो चालेल का?"

आणि इकडेतिकडे बघत त्यांनी तो काढून दाखवला. फार गोड होता.

रेडिओने मान हलवली.

"तो घरी ठेवा, बाई," तो म्हणाला. "इथे शुद्ध हेल लागतो."