मॅडमसाठी मांडलेली खोली

अध्यक्ष दीपमालाताईंनी बचत गटाच्या बैठकीत छातीठोकपणे सांगून टाकलं, "पावण्यांच्या बाबतीत आपला हात कोण धरत न्हाई. निधी आलाच म्हणून समजा!"

पाहुण्या म्हणजे प्राची मॅडम. त्यांच्या संस्थेचं ऑफिस सांगलीला, विश्रामबागेत. हवामान बदलाचा फटका बसलेल्या बायकांसाठी परदेशातून येणारा निधी आजवर मोठमोठ्या ऑफिसांच्या पुढे कधी सरकलाच नव्हता. या संस्थेने पहिल्यांदाच मराठीतून अर्ज मागवले आणि कृष्णाकाठच्या या गटाने तो भरला. मागणी एकच, उंच जोत्यावर बियाण्याची खोली. दोन पुरांत गटाचं देशी बियाणं कुजलं होतं. तिसऱ्यांदा कुजलं तर गट मोडणार, हे प्रत्येकीला ठाऊक होतं. गरज खरी आहे का, तेवढंच बघायला मॅडम येणार होत्या.

पण पाहुणा येणार म्हटलं की घर सजवायचं, हे हाताला लागलेलं वळण. गटाच्या खोलीची भिंत ओलीने काळी पडली होती. तिच्यापुढे माजी हवालदार लालासाहेबांचा उंच पाठीचा सोफा मांडला आणि बियाण्याची रिकामी पिंपं त्यामागे दडवली. गुणमालाबाईंकडून छोटा फ्रीज आला. बनुबाईंनी सुनेच्या माहेरचा गालिचा अंथरला. खोली अशी झाली की गटाच्याच बायका दारात बिचकू लागल्या.

मॅडम यायच्या होत्या दहाला, उगवल्या पावणेचारला. सोफ्यावर बसल्या, गार सरबत प्यायल्या, चौफेर नजर फिरवली आणि लिहू लागल्या. दीपमालाताईंनी मान लांब करून वाचलं, 'गट सुस्थितीत. निधीची निकड दिसत नाही.'

तेवढ्यात चारच्या ठोक्याला लालासाहेब दोन गडी घेऊन दारात हजर! त्यांच्या मुलीला, सोनमला बघायला पाचला मंडळी येणार होती आणि सोफा चारपर्यंतच दिलेला होता. दीपमालाताईंनी डोळ्यांनी लाख खुणावलं, पण हवालदारांनी जन्मभर फक्त वरच्या अधिकाऱ्याच्याच खुणा पाळल्या होत्या. त्यांनी मॅडमना अदबीने उठवलं आणि सोफा उचलला. मागे भिंतीचे पोपडे सुटलेले आणि कमरेच्या वर पुराची मातकट रेघ.

अंगणातल्या गुणमालाबाईंनी सोफा बाहेर पडताना पाहिला. कार्यक्रम आटोपला असं समजून त्यांनी फ्रीजची वायर काढली. बनुबाई गालिचा गुंडाळायला लागल्या, तसा मॅडमना एकेक पाय उचलावा लागला. पाच मिनिटांत खोलीत मॅडम, दीपमालाताई आणि कुजकट वासाची दोन रिकामी पिंपं एवढंच उरलं.

मॅडमनी रेघेवर हात ठेवून विचारलं, "हे आधी का नाही दाखवलंत?"

"आवं मॅडम, पावण्यास्नी घर दाखवायचं का हाल दाखवायचं? लाज वाटती न्हवं." बोलतानाही ताई पिंपांच्या पुढे आडव्या उभ्या राहिल्या.

मॅडमनी पहिला कागद फाडला. बसायला काही शिल्लकच नसल्यामुळे दुसरा त्यांनी उभ्यानेच लिहिला.

दोन महिन्यांनी मंजुरी आली, सोबत अहवालाची प्रत. दीपमालाताईंनी ती भरल्या बैठकीत दोनदा मोठ्याने वाचली, 'अध्यक्षांनी गटाची खरी परिस्थिती अत्यंत नियोजनबद्ध रीतीने, टप्प्याटप्प्याने उघड करून दाखवली.'

मग त्यांनी ऐटीत सगळ्यांकडे पाहिलं. सगळ्यांच्या तोंडात पदर होते.