अर्धी भाकरी

रहिमतपूरच्या बाजारात वाऱ्याने छत्री उलटी झाली, तेव्हा शेजारच्या तात्यांनी तिला तिथेच नोकरीवरून काढलं. घरी आल्यावर गोठ्यातल्या खुंटीला टांगली आणि म्हणाले, "ऐन वक्ताला पाठ दावली. ह्यो जोडीदार न्हवं."

तात्या पलटणीतून पेन्शन घेऊन आलेले. त्यांच्याकडे 'जोडीदार' हा मोठा हुद्दा होता. तो सायकलीला मिळाला होता, हातातल्या बॅटरीला मिळाला होता. सायकल ओसरीवर मुक्कामाला असे. तिला कुणी नुसती सायकल म्हटलं, की तात्या म्हणत, "जोडीदार म्हन रं. लय इमानी हाय."

त्यांच्या बायकोला आम्ही काकी म्हणायचो. भाकरी थापता थापता त्या विचारायच्या, "आवं, बॅटरी बी जोडीदार! मग मी कोन?"

"तू घरची."

काकी परात आपटायच्या.

पण त्यांचं खरं दुखणं वेगळंच होतं. तात्या रोज अर्धी भाकरी ताटात ठेवूनच उठत. आपल्या हातची भाकरी यांना कधी गोडच लागली नाही, असं काकी धरून बसल्या होत्या. दुष्काळात रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, त्याही मोजक्या. त्यातलीही अर्धी उरली. तात्या बाहेर गेल्यावर काकी रडल्या. तो तुकडा त्यांनी नेहमीसारखा म्हशीला घातला. "तुला तरी आवडती का बघ," म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "सुमन, तू तरी इचार गं त्यास्नी, काय वंगाळ असतं म्हनून."

मी हो म्हटलं. पण मी नवी सून. वडीलधाऱ्या पुरुषांसमोर तोंड उघडायची लाज वाटे. आज विचारू, उद्या विचारू, यात दोन वर्षं गेली. काकी तापाने गेल्या.

मग तात्यांचा डबा आमच्याकडून जाऊ लागला. परत आलेल्या डब्यात रोज अर्धी भाकरी असायची. शेवटी एकदा धीर केला. "तात्या, भाकरी कच्ची असती का?"

"न्हाई पोरी, लय ग्वाड असती. पलटणीत एकजन पहाऱ्यावर गेला, की दुसऱ्यानं आपल्यातली अर्धी त्याच्यासाठी राखायची. जोडीदाराची म्हनून. तुजी काकी समद्यांच्या मागनं जेवायची. हाताला सवय लागली, सुटंना." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "खात व्हती न्हवं ती?"

गोठ्यात म्हैस रवंथ करत होती.

"व्हय तात्या," मी म्हणाले. "रोज."

दोन वर्षं उशिरा तोंड उघडलं, आणि तेही खोटं बोलायला.