माघारी आलेलं कोळपं

आमच्या नानांनी विकलेलं यंत्र तक्रार होऊन परत आलं, की ते त्याला ओवाळून घरात घेतात.

खोटं नाही सांगत. नेवाशात प्रवरेच्या अंगाला त्यांची पत्र्याची शेड आहे. तिथं सायकल कोळपी बनतात. पुढं सायकलचं चाक, मागं पातं, हातात दांडी. ढकलत चाललं की पिकातलं तण निघतं. गिऱ्हाईक लालबुंद होऊन कोळपं मोटारसायकलला बांधून आणतं, तर हे साठीतले, ताडमाड उंच नाना भाकरीचा तुकडा घेऊन दारात उभे. चाकावर पाणी घालतात, तुकडा तीनदा ओवाळून लांब टाकतात आणि कोळप्याला म्हणतात, "या बाई या. सासरी काय अडलं तुझं?"

भांडायला आलेला माणूस भांडणच विसरतो.

"काय अडतंय?" हे नानांचं पालुपद. लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या बाकावर, अनोळखी माणसाला पहिला प्रश्न हाच. एकदा एसटीत कंडक्टरला विचारलं. तो म्हणाला, "तुमचे पाय अडतात. आत घ्या." नानांनी पाय आत घेतले आणि खिशातल्या डायरीत ते लिहूनही ठेवलं.

"चांगलं हाय" म्हणणाऱ्या गिऱ्हाइकावर त्यांचा भरवसा नाही. "त्याच्याकडनं काय शिकायचं? धंदा म्हंजे काय गं? दुसऱ्याचं दुखनं आपल्या शेडात आनून बसवायचं. आन् ते बरं करता करता आपल्या गावातल्या चार चुली पेटवायच्या. कारखाना म्हंजे निस्तं धुराडं न्हाई." चार कसल्या, आज सात चुली त्या शेडीवर पेटतात. त्यातली एक माझी.

मी यवतमाळकडची. आईबाप ऊसतोडीच्या टोळीत, म्हणून शाळा सहावीत सुटली. लग्नानंतर कोयता घेऊन मीही टोळीबरोबर इकडं आले. नाना एकदा फडाच्या कडेनं चालले होते. मला विचारलं, "काय अडतंय बाई?" मी उगाच बोलून गेले, "पोरीची शाळा जी." दुसऱ्या दिवशी मला शेडीत कामाला लावलं. "तू एका जागी ऱ्हा, म्हंजे शाळा एका जागी ऱ्हाईल." माझे घरधनी अजून टोळीबरोबर जातात, पण मी आणि मुक्ता इथंच असतो. मुक्ता पहिलीपासून एकाच शाळेत आहे, आता चौथीत. आमच्या घराण्यात हे नवलच.

त्यामुळं माझा जीव कायम टांगणीला. काम गेलं की कोयता, टोळी आणि मुक्ताचं दप्तर गाठोड्यात. एकेक नट मी तीन-तीनदा आवळायची. नाना हसायचे, "अगं, कोळपं हाय ते, उडायचं इमान न्हाई."

आणि तरी चुकलेच. चाकं आणायला नगरला निघताना नाना म्हणाले, "नव्या वीस नगांची दांडी कमरेच्या वर चार बोटं." मी म्हटलं, "हो जी." कुणाच्या कमरेच्या, हे विचारायची भीती वाटली. घेतलं माप माझ्याच कमरेचं. मी ही एवढीशी. नाना मला म्हणतातच, "तू उभी हायस का बसली?"

आठवड्यानं शेजारच्या गावचे भाऊसाहेब आले. "नाना, हे कोळपं हाय का पोराचं खेळनं? वाकून कंबर गेली माझी!" पाठोपाठ आणखी दोन कोळपी आली. त्यांचं ओवाळणं बघायला मी थांबलेच नाही. मागच्या दारानं घरी गेले. तीन दिवस ताप आलाय म्हणून सांगितलं, आणि फळीवरचा कोयता काढून धुऊन ठेवला.

चौथ्या दिवशी मुक्ता शाळेतून आली. "आई, नाना बोलावतात." ठरवलं, त्यांनी जा म्हणायच्या आत आपणच जाते म्हणायचं.

शेडीच्या दारात नाना भाकरीचा तुकडा घेऊन उभे. मी मागं वळून पाहिलं, कोळपं कुणी आणलंय? मागं कुणीच नव्हतं. नानांनी माझ्या पायांवर पाणी घातलं, तुकडा ओवाळला. "या बाई या. काय अडलं तुझं?"

मला रडूच फुटलं. "चुकलं जी. मी माझीच कंबर धरली."

"मग काय भाऊसाहेबाची धरनार व्हतीस?" आतून बाईमाणसाचा आवाज आला. भाऊसाहेबांची बायको स्टुलावर बसली होती, परत आलेल्या कोळप्याची दांडी घट्ट धरून. "त्यानं अंगनात दोन फेऱ्या मारल्या आन् कंबर धरून बसला. रानात कोळपतो कोन? आमी! इतकी वर्सं खांदे वर करून ढकलत हुतो. हे मी न्हेते माघारी. आनखी तीन दे, शेजारनी मागं लागल्यात."

नाना खाली बघत म्हणाले, "बारा वर्सं जगाला इचारत फिरलो, काय अडतंय. बायांना दांडीचं इचारायचं ऱ्हाऊनच गेलं."

ती गेल्यावर मी धीर करून विचारलं, "नाना, हे भाकरीचं कुठून काढलं जी?"

त्यांनी कोपऱ्यातल्या गंजक्या ड्रिल मशीनकडं बोट केलं. त्याला रोज कुंकू लागतं. "पुन्याकडं पहिलं वर्कशाप काढल्तं. बुडालं. हे एवढं टेम्पोत घालून माघारी आलो. आळीतलं एक मानूस बाहेर आलं न्हाई. ही तेवढी आली, भाकरी घिऊन. म्हनली, दमला असाल, आत या."

'ही' म्हणजे काकू. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. माझं लक्ष नानांच्या हातातल्या उरलेल्या भाकरीकडं गेलं. एका अंगाला करपलेली, दुसऱ्या अंगाला कच्ची, चारी बाजूंनी फाटलेली.

"नाना, उद्यापासून भाकरी मी आणीन जी."

ते चाकाचे आरे चाचपत राहिले. मग म्हणाले, "एक जास्तीची आनत जा. कोन कवा माघारी येईल, सांगता येत न्हाई."